माझा साडू आणि सैल कडी

माझ्या साडूबद्दल चांगलं बोलायचं तर मला आधी दोन घोट पाणी प्यावं लागतं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. वाईट माणसाचा कुणाला हेवा वाटत नाही.

तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, उंचीनं माझ्याएवढाच, पण मला जिथे पोट आहे तिथे त्याला काहीच नाही. आयुष्यात एक नोकरी धड टिकवली नाही. आधी बसवर कंडक्टर होता. बस सुटली की मागून कुणीतरी हात करत पळत यायचं आणि हा घंटी मारून बस थांबवायचा. ज्याच्या-त्याच्यासाठी थांबवायचा. त्याची बस कधी वेळेवर पोचली नाही, शेवटी त्याला घरी पाठवलं, तेव्हा त्या मार्गावरच्या चार म्हाताऱ्या तक्रार घेऊन डेपोत गेल्या म्हणे. मग गोदामावर रखवालदार झाला. तिथे त्यानं एका मांजरीला आसरा दिला, तिची सात मांजरं झाली, आणि मालकाला मांजराच्या केसांनी शिंका येतात हे सगळ्यांना तेव्हा कळलं. तिथूनही घरी.

त्या दिवसांत मी मनातून खूष होतो, हे एकदाचं लिहून टाकतो. माझं दुकान तेव्हा नुकतं चालायला लागलं होतं. सासरी माझा शब्द चालायचा आणि साडू कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र उलटंसुलटं करायचा. जगात सगळं कसं जागच्या जागी होतं.

मग पाच वर्षांपूर्वी तो शहराबाहेरच्या लहान मुलांच्या फार्मवर लागला. शेळ्या, मेंढ्या, ससे, बदकं, एक चिडकं गाढव. याचं काम काय, तर शेण काढायचं, पाणी भरायचं आणि आलेल्या मुलांच्या मांडीवर ससा कसा ठेवायचा ते दाखवायचं. पगार माझ्या दुकानाच्या भाड्याएवढा. आणि हा माणूस तिथे असा फुलला की बघवेना. शेण काढून कुणाचा चेहरा उजळतो का? त्याचा उजळला. रविवारी आमच्याकडे आला की अंगाला गवताचा वास, खिशात कुठलं तरी पीस, आणि माझी मुलगी दार उघडायच्या आधीच त्याच्या गळ्यात.

माझी मुलगी म्हणजे बबडी. वय सात, पुढचा एक दात पडलेला. ती मला 'तू' म्हणते ते ठीक, मी बाप आहे. पण ती त्यालाही 'तू' म्हणते. "काका, तू आज काय आणलंस?" त्याला नि मेहुणीला मूलबाळ नाही. आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नाही, मीही एवढंच लिहून पुढे जातो.

मी चाव्या करतो. बाजारात जिन्याखाली माझं दुकान आहे, तीन पावलं लांब, दोन पावलं रुंद. मागच्या भिंतीवर खिळ्यांना चाव्यांची बिनदात्यांची कोरी पानं टांगलेली, पुढे यंत्र, बाजूला स्टूल. किल्ली आत विसरून बाहेर उभी राहिलेली माणसं माझ्याकडे येतात, आणि दार उघडल्यावर माझ्याकडे जशी बघतात तसं घरात कुणी बघत नाही. खिशात एक छोटा स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड आणि तेलाची डबी असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. लग्नाला गेलो तरी. कुठे बिजागरी कुरकुरली की मला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बायको म्हणते, "तू माणसांकडे बघतच नाहीस, दारांकडे बघतोस." खोटं नाही ते.

तर झालं असं, की बबडीच्या शाळेतून एक कागद आला. सोमवारी प्रत्येक मुलानं घरातलं एक मोठं माणूस वर्गात आणायचं, आणि त्या माणसानं आपलं काम सगळ्यांना सांगायचं. एकच माणूस. खाली दोन रेघा होत्या: एकीवर नाव आणि दुसरीवर 'विद्यार्थ्याशी नातं'. मी गुरुवारीच बॉलपेननं माझं नाव लिहिलं, पुढे ठसठशीत 'वडील' लिहिलं. माझा निळा शर्ट इस्त्री करून कपाटाच्या मुठीला अडकवला. काय न्यायचं तेही ठरलं, एक कुलूप मधोमध कापून ठेवलं होतं. किल्ली फिरवली की आतल्या पिना वरखाली होताना दिसतात. डोळे फाटतील पोरांचे, म्हटलं.

शुक्रवारी जेवताना बबडी म्हणाली, "मी काकाला नेणारे."

"का गं?"

"तुझं काम हलत नाही ना, बाबा. कुलूप काही खात पण नाही."

बायकोला हसू आलं, तिनं ते पाण्याच्या पेल्यात लपवलं. मी म्हणालो, "अगं, पण कागदावर माझं नाव लिहून झालंय." त्यावर पोरीनं मला उदार मनानं मुदत दिली. रविवारी आम्ही फार्मवर जाणारच होतो, रविवारी संध्याकाळी ती काय ते ठरवणार.

म्हणजे रविवारची सहल ही माझ्यासाठी सहल नव्हतीच. परीक्षा होती.

फार्मच्या फाटकावर साडू उभाच होता. गमबूट, बाह्या वर केलेल्या, टोपीवर कोंबडीनं काहीतरी केलेलं. "या या, साडूभाऊ!" माझा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. त्याच्या तळहाताला शेळीचा वास होता. बबडी तोवर त्याच्या खांद्यावर चढली होती.

पुढचे दोन तास मी काय केलं ते सांगतो. मी बबडीचे बूट धरले. मग तिची टोपी धरली. मग अर्धं खाल्लेलं केळं धरलं. साडू पुढे, बबडी त्याच्या बोटाला, मागून बायको फोटो काढत, आणि सगळ्यात शेवटी मी, सामान घेऊन. त्यानं गाढवाच्या कानात काहीतरी सांगितलं, गाढवानं मान हलवली, आजूबाजूच्या पंधरा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी गाढवाजवळ गेलो तर ते फुरफुरलं. बदकंसुद्धा त्याच्या मागे रांगेनं चालत होती. मला वाटलं, आता झाडंही वाकतील.

"तोंड सरळ कर," बायको म्हणाली. "फोटोत तेच येतंय."

"माझं तोंड असंच आहे."

"नाही. लग्नात बरं होतं."

दुपारी एका झाडाखाली आम्ही डबे उघडले. खाऊन होतंय न होतंय तोच बबडी काकाला ओढत बदकांची अंडी बघायला गेली. जाताना मला म्हणाली, "बाबा, तीन वाजता इथेच गंमत आहे. सांगणार नाही. तू कुठे जाऊ नकोस." बायको गवतावर आडवी झाली, तोंडावर रुमाल टाकून झोपलीसुद्धा. मी एकटा राहिलो.

आणि माझ्यासमोर ते दार होतं.

शेळ्यांचा कुंपण घातलेला मोठा वाडगा आणि शेजारचा करडांचा छोटा वाडगा, या दोहोंमधलं लाकडी फाटक. त्याला लोखंडी पट्टीची कडी, वरून खाली खाचेत पडणारी. अशी कडी मी उभ्या आयुष्यात बघितली नव्हती. स्क्रू ढिले, पट्टी बाहेरच्या बाजूला वाकलेली, खाच कानशीनं घासून घासून उथळ केलेली. जरा वारा आला की खळळ, खळळ. एखाद्या शेळीनं नाकानं उचलली तरी उघडेल. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पाच वर्षं हा माणूस इथे नोकरी करतो आणि एक कडी याला धड बसवता येत नाही! हा काका! याला वर्गात न्यायचं!

मी इकडेतिकडे बघितलं आणि खिशात हात घातला.

दहा मिनिटं लागली. पट्टी सरळ केली, स्क्रू आवळले, खाचेची कड पकडीनं वर घेतली, वर दोन थेंब तेल. कडी अशी बसली की आवाज नाही, हालचाल नाही. मी ती चार वेळा उघडून लावली. कामाचा आनंद होताच, पण त्याहून मोठा आनंद दुसरा होता. बबडी आली की तिला दाखवणार होतो, बघ, तुझ्या काकाला जे जमलं नाही ते बापानं दहा मिनिटांत केलं.

पण ती आली तेव्हा एकटी आली नाही. तीन वाजायला आले होते आणि बबडीमागून वीस-पंचवीस मुलं, त्यांचे आईबाप, सगळे त्या फाटकाभोवती गोळा झाले. बबडी पुढे उभी राहून सगळ्यांना सांगत होती, जणू फार्म तिच्याच मालकीचं. करडांच्या वाडग्यात एक काळं करडू होतं, त्याचं नाव बटण. त्याची आई त्याला जवळ घेत नव्हती. मोठ्या वाडग्यातली एक शेळी, जिला सगळे म्हातारी म्हणायचे, ती त्याला पाजायची. पण म्हातारीचा हट्ट होता. तिला दोरी बांधून नेली तर ती पाजायची नाही, लाथ मारायची. तिच्या मनानं, तिच्या वेळेला, ती स्वतः यायची. रोज तीन वाजता.

"ती स्वतः कडी उघडते," बबडी म्हणाली. "काकानं तिच्यासाठी कडी सैल केलीये. महिनाभर घासत होता. आणि कडी वाजली की बटणला कळतं, तो पळत येतो."

मी पक्कड खिशात आणखी खोल ढकलली.

म्हातारी आली. करड्या रंगाची, एक शिंग अर्धवट, चालण्यात कसलीही घाई नाही. तिनं नाक कडीखाली घातलं आणि उचललं. कडी हलली नाही. तिनं पुन्हा उचललं. मुलं हसायला लागली, मग गप्प झाली. तिनं कपाळानं फाटकाला धडक दिली. पलीकडे बटण कान टवकारून उभं होतं, त्याला आवाजच येईना, मग ते ओरडायला लागलं. एवढंसं करडू, पण काय तो आवाज! म्हातारीनं तिसऱ्यांदा प्रयत्न केला, गर्दीकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवून निघून गेली.

"कुणी बंद केलं?" बबडी किंचाळली. "कुणी केलं असं?"

साडू पुढे आला. त्यानं कडीवर अंगठा फिरवला, अंगठा नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी ते माझ्या हिशेबी जमा केलं असतं. पण त्यानं नुसतं बघितलं, एखाद्या ओळखीच्या माणसाला गर्दीत बघावं तसं.

"मीच," तो म्हणाला. "सकाळी आवळली आणि विसरलो. माझंच डोकं ठिकाणावर नाही."

बबडीनं त्याच्या हातातून आपला हात काढून घेतला.

बोलायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलं नाही. उलट सांगायलाही लाज वाटते अशी गोष्ट माझ्या मनात आली: या माणसानं माझी चूकसुद्धा माझ्याकडे ठेवली नाही, तीही स्वतः घेतली, आणि त्यातही तोच मोठा झाला. इतका राग मला त्याचा आधी कधी आला नव्हता.

"बाबा," बबडी माझी बाही ओढत म्हणाली, "तुला येईल ना परत सैल करायला?"

सैल करणं हे घट्ट करण्यापेक्षा अवघड असतं, हे मला तेवीस वर्षांच्या धंद्यात त्या दिवशी कळलं. घट्ट कुणीही करेल. किती सैल, म्हणजे वाऱ्यानं उघडणार नाही पण नाकानं उघडेल, आणि वाजलीही पाहिजे, हे कुठे लिहिलेलं नाही. पट्टी पुन्हा वाकवली, ती जास्त वाकली. साडूनं आपली कानस आणून दिली आणि काही न बोलता बटणला बाटलीनं दूध पाजायला गेला. करडानं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. बबडी माझ्या शेजारी उकिडवी बसून स्क्रू ओंजळीत सांभाळत होती. तेल पुसायला मी माती चोळली. "आता वाजव," ती म्हणायची. मी वाजवायचो. ती कान देऊन ऐकायची आणि डोकं हलवायची. "नाही, अजून जाड आवाज होता." तास-दीड तास आम्ही दोघं असे बसलो होतो. मला खरं विचाराल तर त्या तासाइतकं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं, आणि ते सगळं चोरीचं होतं.

फार्म बंद व्हायच्या सुमाराला, गर्दी ओसरल्यावर, म्हातारी आली. नाक खाली, वर, खळळ. बटण पुढचे दोन्ही पाय उचलून तिच्या पोटाखाली शिरलं.

"बाबा," बबडी माझ्या कानात म्हणाली, "सोमवारी तूच ये."

जिंकलो होतो मी. फाटकाशी साडूनं हात हलवला, बबडीनं हलवला नाही. परतीच्या बसमध्ये ती शेजारच्या आजींना मोठ्या आवाजात सांगत होती, "काकानं कडी बिघडवली होती, माझ्या बाबांनी नीट केली." आजी माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिला सगळं कळलं होतं, तिच्या मानेवरून मला समजतं. आजी पुढच्या थांब्यावर उतरल्या आणि माझ्यानं राहवेना.

"बबडे, कडी काकानं नाही आवळली. मी आवळली."

"मला माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"तुझ्या बोटांना वास येत होता. आणि काकाकडे तेलाची डबी नसते."

"मग तू काकावर का रागावलीस?"

"तो खोटं बोलला."

ती सीटवर पाय हलवत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "तू काहीच बोलला नाहीस. मी वाट बघत होते." आणि मग पाय थांबवून, "काका तुझ्यासाठी खोटं बोलला का?"

"हो."

"मग सोमवारी काकाच येऊ दे. तू फोन कर त्याला. मी रागावलेली नाही म्हणून सांग."

बायकोनं तेव्हा पहिल्यांदा खिडकीतून मान वळवली आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, तेवढी दया तिनं केली.

घरी येऊन मी फोन लावला. आयुष्यात इतका जड फोन मी लावला नाही. त्याला सांगितलं, उद्या नऊ वाजता, शाळेत, बबडीच्या वर्गात.

"आत जायचं असतं?" त्यानं विचारलं. "वर्गात?"

"हो. मुलांसमोर बोलायचं. तुमच्या कामाबद्दल."

"मी कधी गेलो नाही तसा," तो म्हणाला. "म्हणजे, कुणाचा म्हणून." मग एकदम घाईनं, "साडूभाऊ, घालू काय? माझे सगळे शर्ट शेळ्यांनी चघळलेत."

माझी नजर कपाटाच्या मुठीवर गेली.

"सकाळी इकडे या," मी म्हणालो. "आहे एक."

सोमवारी तो सात वाजताच हजर. ओले केस चप्प बसवलेले, नखं घासून घासून लाल केलेली. मी शर्ट दिला. मला पोटावर जिथे बटण ओढून लावावं लागतं तिथे त्याला सरळ खाली पडला. बायको म्हणाली, "भाऊजी, छान दिसताय हो." मी म्हणालो, "शर्ट चांगला आहे."

बबडी शाळेचा कागद घेऊन आली. "बाबा, यावर तूच आहेस."

मी बॉलपेन घेतलं. माझ्या नावावर रेघ मारली, वर त्याचं नाव लिहिलं. मग 'वडील' या शब्दावर रेघ मारली. एकच, पातळ. बाजूला लिहिलं 'काका'. साडू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याच्या अंगाला आज गवताचा वास नव्हता, माझ्या शर्टाच्या साबणाचा होता.

"रेघेखालचं वाचता येतंय अजून," तो हळूच म्हणाला. "वडील म्हणून."

वर्गाच्या बाईंना कळावं की बाप कोण आहे, म्हणून मी रेघ पातळ मारली होती. पण आपल्या नावापुढचा तो शब्द त्यानं ज्या आवाजात वाचला, तो ऐकल्यावर मला ती जाड करता येईना.

"येऊ दे वाचता," मी म्हणालो.

दोघं जिना उतरून गेले. मी खिडकीत उभा राहिलो. बबडीनं त्याचं बोट धरलं होतं आणि तो माझ्या शर्टात ताठ चालला होता, रस्त्यातल्या प्रत्येकाकडे बघत, कुणीतरी ओळखावं म्हणून. मला हेवा वाटला. अजून वाटतो. त्या दिवशी मी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.